दुमडीतल्या दोन ओळी

हॅल्डरशॉ गावात अर्नी कर्शॉची ओळख दोन प्रकारे सांगावी लागे. मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत तो गावाचा बूटवाला. नोव्हेंबर उजाडला की तो गावाची म्हातारी.

बूट म्हणजे शहरातल्या काचेआड चमकणारे नव्हेत. लाकडाचा तळ, वर जाड कातडं, खाली घोड्याला असते तशी नाल. आमची सगळी गिरणी त्या बुटांवर उभी होती. पहाटे भोंगा झाला की उताराच्या फरसबंदीवरून पाचशे माणसं खाली जात. डोंगरावरून कुणी धोंड्यांची पोती मोकळी केली असावीत, असा तो आवाज. अर्नी त्या वेळी घोरत असे. त्याची बायको हेट्टी मात्र अंधारात डोळे मिटून ऐकत पडे आणि चहाच्या वेळी सांगे, "जेसपच्या डाव्या बुटाची नाल सुटायला आलीय. आज येईल तो." आणि दुपारपर्यंत जेसप येई.

म्हातारीचं असं, की नाताळच्या दुसऱ्या दिवशी गावच्या नाटकघरात पँटो, म्हणजे गाण्यांचं आणि थट्टेचं परीकथेतलं नाटक, लागे. वर्षभरात तेवढं एकच नाटक असं, की आजोबांपासून मांडीवरच्या पोरापर्यंत सगळं घर एका बाकावर बसून बघे. पँटोत नायक म्हणजे पुरुषाच्या कपड्यांतली लांब पायांची पोरगी आणि म्हातारी म्हणजे दाढी घोटलेला पुरुष, हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. दुष्ट राजा डावीकडून येतो आणि चांगली परी उजवीकडून. राजा म्हातारीच्या पाठीमागे येऊन उभा राहिला की नाटकघर ओरडतं, "तुझ्या मागे!" म्हातारी वळते, राजा तिच्याबरोबर वळतो, ती म्हणते, "कुठाय? कुणी नाही!" आणि पोरं घसा बसेपर्यंत ओरडत राहतात.

अर्नी बावीस वर्षांचा असताना जुनी म्हातारी, म्हणजे खाटीक असलेले हॉलरॉइडकाका, बर्फावरून घसरले आणि त्यांचा पाय मोडला. अर्नी त्या दिवशी दुरुस्त केलेले बूट पोचवायला नाटकघराच्या मागच्या दाराने आत गेला होता. मालकाने त्याची उंची पाहिली, मोठाले पाय पाहिले आणि त्याला थेट कपड्यांच्या खोलीत ढकललं. तिथे एक मुलगी तोंडात टाचण्या धरून उभी होती.

"हात वर कर," ती म्हणाली. "आणि खोल श्वास घेऊ नकोस. टाचण्या मोजून मिळतात."

ती हेट्टी. पुढच्या नाताळापर्यंत त्यांचं लग्न झालं होतं.

त्यानंतर बत्तीस नाताळ अर्नी म्हातारी झाला आणि बत्तीस नाताळ हेट्टीने त्याचे झगे शिवले. रंगमंचाच्या उजव्या अंगाला, पडद्याआड, भिंतीवरच्या दिव्याखाली तिची खुर्ची असे. अर्नी घामाने निथळत आत येई, ती उठून झगा उतरवी, दुसरा चढवी, पाठीवर थाप मारी. मग पुन्हा दिव्याकडे तोंड करून फाटलेलं शिवायला बसे.

आता पँटोवाल्यांची एक रीत सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. पँटोच्या अगदी शेवटी म्हातारी पुढे येते आणि जुळणाऱ्या दोन ओळी म्हणून सगळ्यांना निरोप देते. त्या दोन ओळी पहिल्या खेळाआधी कुणीही तोंडातून काढायच्या नाहीत. तालमीत तिथपर्यंत आलं की सगळे गप्प होतात आणि टोप्या उचलून घरी जातात. जे आधीच संपवून टाकलं ते सुरू कसं होईल, असं आमची जुनी माणसं म्हणत. हॉलरॉइडकाकांनी त्या वर्षी बर्फाच्या आदल्या दिवशीच केस कापून घेताना त्या ओळी गुणगुणल्या होत्या, हे न्हाव्याने स्वतः ऐकलं होतं.

हॅल्डरशॉत ही रीत आणखी एक पाऊल पुढे गेली. त्या ओळी हेट्टी रचे आणि अर्नीलासुद्धा सांगत नसे. बोटभर कापडावर शाईने लिहून ती ते कापड त्याच्या परकराच्या दुमडीत शिवून टाकी. शेवटचं गाणं सुरू झालं की अर्नी खाली वाके, दुमडीचा दोरा दाताने तोडी आणि बायकोने काय लिहिलंय ते गावाबरोबर स्वतःही पहिल्यांदा वाची. लोक त्याचीच वाट बघत. एका वर्षी तिने त्याच्या घोरण्यावर दोन ओळी रचल्या होत्या, तेव्हा त्याने त्या वाचल्या, थांबला, पडद्याकडे बघून म्हणाला, "घरी ये, मग बघतो." नाटकघराची बाकं हलली होती त्या दिवशी.

मग तो एक वसंत आला. गावाने राणीच्या राज्याभिषेकासाठी पताका शिवायला घेतल्या होत्या, मिठाईवरचं रेशन नुकतंच उठलं होतं, आणि नाटकघर विकलं गेलं. एका गालिचेवाल्याने ते गोदामासाठी घेतलं. अर्नीला झग्यांची पेटी तेवढी मिळाली. ती त्याने हातगाडीवरून घरी आणली, जिन्याखाली ठेवली आणि त्यावर बसून बराच वेळ पाइप ओढला. हेट्टीचा खुबा त्याच वर्षी इतका दुखायला लागला होता की ती दाराच्या पायऱ्यासुद्धा तिरकी होऊन उतरे.

"चोपन्न वर्षांचा झालास," ती म्हणाली. "एवढ्या वयात बायका म्हातारपण सोडत नाहीत आणि तू सोडतोस?"

"मी कुठे सोडलं? म्हातारपणच विकलं गेलं."

ऑक्टोबरात मँचेस्टरहून पत्र आलं. रेडिओवर नाताळच्या दुसऱ्या दिवशी पाच वाजता घरच्या सगळ्यांसाठी पँटो होणार होतं, 'चांदीची किटली' नावाचं. त्यातल्या मदर बॅटरसाठी, म्हणजे केकचं दुकान चालवणाऱ्या म्हातारीसाठी, कुणीतरी अर्नीचं नाव सुचवलं होतं. जमलं तर दर नाताळला करायचा विचार आहे, असंही पत्रात होतं. ते वाक्य अर्नीने हेट्टीला दोनदा वाचून दाखवलं.

पहिल्या तालमीहून तो परतला तेव्हा मात्र त्याने टोपीसुद्धा नीट टांगली नाही.

झालं असं होतं. रेडिओच्या खोलीत एक काच, काचेमागे मिस प्रॉसर. वेल्सकडची, तिशीची, केसांत पेन्सिल खोचलेली बाई. आवाज मऊ आणि हातात सेकंद मोजायचं, दाबलं की थांबणारं घड्याळ. अर्नीने आपलं सगळं काढून दाखवलं. भुवया नाचवल्या, कंबर मोडली, पिठाच्या परातीत बसला. काचेमागून मऊ आवाज आला, "मिस्टर कर्शॉ, हे फार छान आहे हो. पण मी डोळे मिटले, तर काहीच होत नाही."

एका टेबलाशी टॅटर्सल नावाचा लांब चेहऱ्याचा माणूस बसला होता. त्याच्यापुढे नारळाच्या करवंट्या, खडीचं तबक, एक छोटं दार आणि शिट्ट्या. घोडा, पाऊस, वारा सगळं तोच. तो म्हणाला, "तुमच्या पावलांची काळजी करू नका. ती मी टाकतो."

"माझी पावलं तू टाकणार?" अर्नी म्हणाला. "मग माझं जेवणही तूच जेव आणि संडासलाही तूच जाऊन ये."

टॅटर्सल हसला नाही. त्याने वहीत लिहून घेतलं: पावलं, म्हातारी, जड.

निघताना मिस प्रॉसरने अर्नीला बाजूला घेतलं. ती खोटं बोलणारी बाई नव्हती. "शेवटच्या तालमीपर्यंत पाहू," ती म्हणाली. "नाही जमलं, तर मला तुमची वाक्यं किटलीला द्यावी लागतील. किटलीचा आवाज करणारी मुलगी चांगली आहे. आणि पुढच्या वर्षी मग..." पुढचं तिने बोलून दाखवलं नाही.

हे सगळं अर्नीने चुलीपुढे बसून सांगितलं. हेट्टी त्याच्याकडे पाठ करून बटाटे सोलत होती. तिला उभं राहायला ओट्याचा आधार लागे.

"दिसत नाही तर म्हातारी कसली, हेट्टी? बत्तीस वर्षं लोक मला बघायला आले. कुणी ऐकायला आलं होतं का?"

सुरीचा आवाज थांबला. "मी," ती म्हणाली.

"तू काय?"

"मी तुला कधी बघितलं? सांग. दिवा भिंतीवर, खुर्ची दिव्यापाशी, तोंड भिंतीकडे. बत्तीस वर्षांत एकदा तरी मी समोर बसलेय? मी तुझं एकही नाटक पाहिलेलं नाही, बाबा. मी नुसतं ऐकलंय."

अर्नी तिच्या पाठीकडे बघत राहिला. ही गोष्ट त्याच्या कधी डोक्यातच आली नव्हती.

"आणि हसू आलं तुला?"

"कधी कधी. तुला वाटतं त्या जागी नाही." ती पुन्हा सोलू लागली. "उठ. पीठ मळण्याचं कर. मी वळून बघणार नाही."

त्या रात्रीपासून रोज संध्याकाळी चहा झाला की हेच. कर्शॉंच्या स्वयंपाकघरात नवरा नाचायचा आणि बायको भिंतीकडे तोंड करून त्याला बोलायची.

"आता काय केलंस?"

"भुवया."

"तिथे मला काही नाही. तिथे एक श्वास घे. मोठा. हां. आता बोल."

"लोक थांबतील का तेवढं?"

"नाटकघरात थांबायचे ना? तू परकर सावरत यायचास, सळसळ, सळसळ, आणि एकदम थांबायचास. परकर थांबला की लोक हसायचे. तू तोंड उघडायच्या आधी. मला वाटायचं, काय झालं असेल? मग कळलं, काही झालेलं नसतं. गप्प बसणंच असतं ते."

अर्नीने पेटीतून खळ दिलेला जुना परकर काढला, पँटवरच चढवला आणि खोलीभर फिरला. सळसळ, सळसळ. थांबला. हेट्टीचे खांदे हलले. तिने बटाटा पातेल्यात टाकला आणि ती भिंतीलाच हसली. अर्नीने बत्तीस वर्षं पाचशे माणसांना हसवलं होतं, पण त्या एका पाठीने त्याला जो हुरूप दिला तो त्याला आधी कधी मिळाला नव्हता.

भिंतीपलीकडे जेसप राहत होता. तो एकदा दारात येऊन म्हणाला, "काय चाललंय रोज? माझी बायको विचारते, अर्नी भांडतो की परकर धुतो?"

"परकर धुता धुता भांडतो," हेट्टीने सांगितलं. "तुझी नाल पुन्हा सुटलीय, त्याचं बघ."

डिसेंबरात दोन तालमी झाल्या. श्वास घेऊन थांबणं मिस प्रॉसरच्या कानाला पटलं आणि तिने किटलीला वाक्यं द्यायचं लांबणीवर टाकलं. शेवटच्या दोन ओळींवरून मात्र गाडी अडली. तिला सगळं सेकंदात मोजायचं होतं. साडेपाचला बातम्या.

"त्या दोन ओळी एकदा म्हणा, मिस्टर कर्शॉ. मला वेळ धरायची आहे."

"नाही म्हणता येणार, मिस."

"हळू म्हणा. कुणी ऐकणार नाही."

"मला माहीतच नाहीत त्या."

काचेमागे मिस प्रॉसरने घड्याळ खाली ठेवलं. मग टॅटर्सल म्हणाला, "त्यांचं बरोबर आहे, मिस. माझी आई पँटोत मांजर होती. आमच्याकडेही चालत नाही." तेवढंच तो त्या आठवड्यात अर्नीच्या बाजूने बोलला. शेवटी मिस प्रॉसरने कागदावर लिहिलं, 'म्हातारीचा निरोप, बारा सेकंद', आणि केसांतली पेन्सिल पुन्हा केसांत खोचली.

नाताळचा दिवस गेला. नाताळला शिजवतात तो हंस परवडत नव्हता म्हणून कोंबडी झाली, आल्याचा केक झाला. दुपारी हेट्टीने परकर मांडीवर घेतला.

"रेडिओवर परकर कशाला?" अर्नी म्हणाला.

"परकर नको, तर ओळी कशात शिवू? कोटात? कोटात लोक बसची तिकिटं ठेवतात." तिने सुईत दोरा ओवला, तो काढला आणि कपाटातून बटणांचा जाड दोरा घेतला. "बसमध्ये ओढाताण होते. दुहेरी घालते."

दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं इतकं दाट होतं की बस चालवणारा खिडकीबाहेर डोकं काढून चालवत होता. हेट्टी दारापर्यंत आली. तिथून पुढे तिला येववत नव्हतं. तिने अर्नीच्या पाठीवर थाप मारली, झगा बदलून झाल्यावर मारायची तशीच.

रेडिओच्या खोलीत साठेक पोरं बाकांवर दाटीने बसायची होती, आईबापांसकट. ती यायच्या आधी एक शेवटची तालीम. अर्नी परकर घालून आला, दोन पावलं टाकली आणि काचेमागून मिस प्रॉसर कानावरचं यंत्र काढत बाहेर धावली.

"काय आहे ते? कढईत कुणी मांस तळतंय असं ऐकू येतंय!"

"परकर आहे, मिस. खळ दिलेला."

"अहो, तुमचं वाक्यच बुडालं त्यात. उतरवा तो. सळसळ मिस्टर टॅटर्सल कागदाने करतील. थोडीशी."

अर्नीला वाद घालावासा वाटला. पण ती बाई त्याच्याशी नेहमी खरं वागली होती, आणि वाक्य बुडालं असेल तर बुडालंच असणार. त्याने परकर उतरवला आणि दाराशेजारच्या खुंटीवर, ओल्या कोटांच्या रांगेत टांगला. दुमडीची आठवण त्याला झाली नाही. कशी होईल? बत्तीस वर्षं तो परकर शेवटच्या ओळीपर्यंत त्याच्या अंगावरच असायचा. जे अंगावर असतं ते कुणी लक्षात ठेवतं का?

पाच वाजले. लाल दिवा लागला.

आणि पँटो चाललं. पोरांनी दुष्ट काजळ्या राजाला हुर्यो केली, किटली फुसफुसली, टॅटर्सलच्या करवंट्यांनी घोड्यांची अख्खी स्वारी नेली. अर्नी श्वास घेई, थांबे, आणि दर थांबण्याला बाकांवरून हसू उठे. हेट्टीने सांगितलेल्या जागा एक एक करून खऱ्या निघत होत्या. तरी त्याला उघडं उघडं वाटत होतं. कागदाची सळसळ अर्धं पाऊल मागे पडे. तो थांबला तरी ती एक क्षण चालूच राही, आणि परकर थांबल्यावरचं ते खास हसू हुकून जाई. पास झालेल्या पण मार्क कमी पडलेल्या पोरासारखा तो वाचत राहिला.

शेवटचं गाणं सुरू झालं. किटली सापडली होती, काजळ्या राजाला आंघोळ घातली होती, पोरगी-नायक आणि राजकन्या गात होत्या. अर्नीचा हात सवयीने खाली गेला, दुमड पकडायला.

हाताला जाड सुती पँट लागली.

परकर दाराशी, खुंटीवर होता. काचेमागे मिस प्रॉसरने दोन बोटं वर केली. दोन मिनिटं.

आता दोन ओळी जुळवायला अर्नीला कितीसा वेळ लागला असता? असल्या ओळी त्याने बूट ठोकता ठोकता शेकड्याने रचल्या होत्या. काहीतरी म्हटलं असतं, पोरांनी टाळ्या दिल्या असत्या, मिस प्रॉसरचे बारा सेकंद बरोबर भरले असते. जगात कुणालाही कळलं नसतं. एक बाई सोडून. ती बाई या घटकेला डोंगरापलीकडे रेडिओपाशी बसून आपल्याच ओळींची वाट बघत असणार. आणि उपऱ्या ओळी तिच्या कानाला, जेसपच्या सुटलेल्या नालेसारख्या, पहिल्या शब्दाला कळणार.

गाणं संपलं. अर्नी पुढे झाला. कागदावर त्याच्यापुढे लिहिलं होतं, 'निरोप'.

"पोरांनो," मदर बॅटरच्या आवाजात तो म्हणाला, "निरोप द्यायचा तर मी नीट नेसलेली हवी. माझा परकर कुणी पाहिलात का गं बाई?"

टॅटर्सलने मान वर केली. कागदात हे नव्हतं.

बाकांवर पहिल्यांदा कुजबुज झाली. मग पहिल्या रांगेतली एक मुलगी ओरडली, "तुझ्या मागे!"

"कुठे?" अर्नी वळला. "हा तर कुणाचा तरी कोट!"

"तुझ्या मागे!" आता साठही पोरं.

"हे? ही तर छत्री!"

"तुझ्या मा-गे-ए-ए!" आणि त्या ओरडण्यात आता आईबापांचे घोगरे आवाजसुद्धा मिसळले होते.

अर्नी खुंटीकडे जाऊ शकत नव्हता. माइकपासून दूर गेला तर म्हातारी हरवली. त्याने टॅटर्सलकडे पाहिलं. टॅटर्सल उठला, चवड्यांवर चालत गेला, खुंटीवरचा परकर काढला आणि तो दोन्ही हातांवर आडवा धरून, पाळण्यातलं मूल आणावं तसा घेऊन आला. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. पोरं त्यालाच बघून लोळली.

काचेमागे एक माणूस आवाज बंद करायच्या खटक्याकडे हात नेत होता. मिस प्रॉसरने त्याच्या मनगटावर घड्याळ ठेवलं आणि तसंच दाबून धरलं.

अर्नीने परकर चढवला. सळसळ, सळसळ. सगळ्या देशभर कढईत मांस तळलं गेलं. तो थांबला.

काही नाही. एक श्वास. आणि बाकांवरून हसू असं फुटलं की आवाज शोषायला भिंतीवर लावलेला कापूस शहारला.

"आता दुमड," अर्नी म्हणाला, वाकला आणि दोरा दातात धरला. दोरा तुटेना. दुहेरी बटणांचा दोरा तो. "अगं बाई, हिने तर होडी बांधायचा दोर घातलाय!" तो पुन्हा चावला. टॅटर्सलने खिशातून चाकू काढून पुढे केला. टर्र. तो उसवण्याचा आवाज माइकने जसाच्या तसा उचलला.

अर्नीने बोटभर कापड दिव्याखाली धरलं. अक्षर वळणदार, शाई थोडी फुटलेली. त्याने ते मनात वाचलं नाही. रीत तशीच होती. थेट मोठ्याने वाचायचं.

"न बघताच ओळखलंत मला, एवढं मला पुरे;
किटलीमध्ये घोटभर चहा तुमच्यासाठी उरे."

दुसरी ओळ म्हणताना त्याचा आवाज म्हातारीचा राहिला नाही, अर्नी कर्शॉचा झाला. ते ऐकणाऱ्यांतल्या फार थोड्यांना कळलं असेल. टाळ्या सुरू झाल्या. लाल दिवा विझला तेव्हा बातम्यांना सत्तेचाळीस सेकंद उशीर झाला होता.

मिस प्रॉसर बाहेर आली. तिचे गाल तांबडे झाले होते. ती रागावली आहे की कसं, हे अर्नीला कळेना, म्हणून तो परकर तसाच धरून उभा राहिला.

"उद्या मला वरच्या मजल्यावर जाऊन सत्तेचाळीस सेकंदांचा खुलासा करायचा आहे," ती म्हणाली. मग परकराकडे बघत, "पुढच्या नाताळला याला वेगळा माइक लागेल. इथे, खाली, घोट्याशी. मिस्टर टॅटर्सल, लिहून घ्या."

टॅटर्सलने वही उघडली. "आणि पावलं?"

"पावलं त्यांची त्यांना टाकू द्या."

टॅटर्सलने एक ओळ खोडली. निघताना तो अर्नीला म्हणाला, "जेवण मात्र मी जेवू शकलो असतो." त्याच्या मानाने तेवढा विनोद पुष्कळ होता.

परतीची बस धुक्यातून सावकाश चढत होती. अर्नीच्या मांडीवर परकराची गुंडाळी होती आणि कापडाचा तुकडा मुठीत. तो सारखा मूठ उघडून बघत होता. न बघताच ओळखलंत मला. ही ओळ तिने पोरांसाठी लिहिली होती की त्याच्यासाठी की स्वतःसाठी, हे त्याला ठरवता येईना, आणि विचारलं तर ती सांगणार नाही हेही ठाऊक होतं.

घरी दिवा होता. जेसप आणि त्याची बायको ऐकायला आलेली, ती नुकतीच गेली होती. टेबलावर त्यांचे दोन कप उपडे होते. हेट्टीची खुर्ची नेहमीच्या जागी नव्हती. भिंतीपासची ती खुर्ची तिने खोलीच्या मध्यावर ओढून आणली होती आणि रेडिओकडे तोंड करून ठेवली होती, नाटकघरातल्या पहिल्या रांगेसारखी. ती अजून तिथेच बसली होती, डोक्याला चर्चमध्ये जायची टोपी.

अर्नी दारात थांबला. ती त्याच्याकडे बघत होती. सरळ, समोरून.

"चाकूने कापलास ना?" ती म्हणाली. "ऐकलं मी. कापड पण फाटलं असेल."

"थोडं."

"आण इकडे."

त्याने परकर तिच्या मांडीवर ठेवला. तिने फाटलेली कड बोटांनी चाचपली, टोपीतली पिन काढून उसवलेले दोरे उचकायला घेतले. अर्नी किटलीत पाणी घालायला गेला.

"पुढच्या वर्षीसाठी शिवतेस?" त्याने तिकडूनच विचारलं.

"दुमड शिवतेय," हेट्टी म्हणाली. "ओळींना अवकाश आहे. तू चहा कर, आणि ऐक, जेसपची नाल जाताना वाजली नाही. उद्या हरवलेली शोधत येईल."